लेकराला ऑपरेशनचं सांगायचं का?

लहान लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं की आईवडील आमच्याकडे कागदपत्रांचे, रक्ताच्या सोयीचे, मागे ढोरंवासरं कोण पाहील याचे प्रश्न घेऊन येतात. ते सगळं बोलून होतं, पिशवी खांद्याला लागते आणि मग दाराशी थांबून हळूच विचारलं जातं, "मॅडम, याला सांगायचं का? का तसंच न्यायचं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकरी कुटुंबाची ही गोष्ट. ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. मुलाला सोनू म्हणू. वय पाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला आलं, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमामुळे अशी कितीतरी लेकरं वेळेवर सापडतात, नाहीतर "पोरगं जरा नाजूकच आहे" म्हणून वर्षं निघून जातात. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. शेजारच्या गावातल्या एका मुलीचं असंच छिद्र मांडीच्या शिरेतून छत्री, म्हणजे छिद्र झाकणारं छत्रीसारखं छोटं उपकरण, बसवून बंद केलं होतं. मग आपल्याच पोराची छाती का उघडायची, हे बापाच्या डोक्यात बसत नव्हतं. छत्री टिकायला छिद्राभोवती पुरेशी कड लागते, सोनूला एका बाजूने ती नव्हतीच. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा त्याची समजूत पटली. नागपूरची तारीख मिळाली. खर्चाचं सरकारी योजनेतून मार्गी लागलं.

"त्याले काहीच नाही सांगतलं आमी," बाप म्हणाला. "नागपूरच्या बाजारात जाऊन रायलो, खेळनं घेऊन देतो म्हनलं. आतापासून भेव कशाले घालाचं?"

सोनू तेव्हा माझ्या टेबलाखाली तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल फिरवत होता. चाकं करकरत होती, ती थांबली. खालून आवाज आला, "बाबा, माही छाती कापतेत का?"

आजी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांपुढे रडत होती, ते पोरानं सगळं ऐकलं होतं. घरात असंच होतं. मोठी माणसं लेकरासमोर बोलत नाहीत, पण लेकराच्या पाठीमागेही बोलत नाहीत. मधेच कुठंतरी बोलतात. अर्धवट ऐकलेलं पोर बाकीचं स्वतःच्या मनाने भरतं, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. शिवाय बाजार म्हणून नेलं आणि वॉर्ड निघाला, तर पुढे "मी इथंच बसलेली आहे" या आईच्या शब्दावर तरी त्यानं का विश्वास ठेवावा? म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: सांगायचं. फार आधी मात्र नाही. दोन-तीन वर्षांच्या लेकराला एक-दोन दिवस आधी, चार ते सहा वर्षांच्याला तीन-चार दिवस आधी, शाळकरी पोराला आठवडाभर आधी. सोनूला ठाऊकच होतं, त्यामुळे त्याच्याशी त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

बैलालाच पेशंट केलं. आईच्या पिशवीतली स्टीलची वाटी झाला मास्क. ती सोनूनं आधी बैलाच्या, मग बापाच्या नाकाला लावली. बैलाच्या छातीला चिकटपट्टी लावली, दोऱ्याचा तुकडा नळी म्हणून बांधला. बापाला सांगितलं, आता तुम्ही बोला. तो अडखळला, पण बोलला: "तुह्या छातीत एक छिद्र हाय. डॉक्टर ते शिवून देतीन. तवा तू औषधाच्या झोपेत राहशीन, काईच समजनार नाही. उठल्यावर दुखीन, मंग सिस्टर औषध देईन."

"मंधात जाग आली तं?"

पाच वर्षांच्या पोराचा हा प्रश्न भल्याभल्या मोठ्यांच्या मनात असतो, विचारत मात्र कोणी नाही. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत तिथून हलत नाहीत, झोप किती आहे ते मशीनवर सतत पाहतात, असं मी त्याला सांगितलं. तो पुन्हा बैलाकडे वळला.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी पक्की केली. ऑपरेशननंतर काही वेळ तोंडात श्वासाची नळी असते आणि ती असेपर्यंत आवाज निघत नाही. हे आधी माहीत नसलं तर शुद्धीवर येणारं पोर घाबरून जातं. तेव्हा खूण ठरवली: आईचा हात एकदा दाबला तर "हो", दोनदा दाबला तर "नाही". नळी निघाल्यावरही एक-दोन दिवस आवाज घोगरा राहू शकतो. आणि "दुखणार नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करायचं. तसंच आबाजींचं "गप नाही बसला तं डॉक्टर सुई देईन" हेही. आपल्याकडे घरोघरी ही धमकी चालते. ज्याला खरंच डॉक्टरांच्या हाती जायचंय त्याच्यासाठी ती फार वाईट.

आई इतका वेळ गप्प होती. बाप पोराला पाणी प्यायला घेऊन गेला तेव्हा बोलली. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि तिनं त्या दिवशी भेंडी चिरली होती. सासू अजून ते काढते. मी तिला सांगितलं, बाळाचं हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच घडून जातं, कित्येक बायांना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. सातव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि बहुतेकांत नेमकं एक कारण सापडत नाही. ती म्हणाली, "हे त्याइच्या आजीले सांगा ना." मग फोनवर आजीलाही सांगितलं. आजी "हो हो" म्हणाली. पटलं असेल असं मला वाटत नाही; पण त्यानंतर भेंडीचा विषय निघाला नाही, एवढं आईनं कळवलं.

बाकीच्या तयारीत चुकतं ते नेमकं ठरावीक जागी. सर्दी-ताप आला तर लपवू नका, तारीख पुढे जाईल पण ते लेकराच्याच भल्याचं आहे. दात किडले असतील तर आधी दाखवा, तिथले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात. उपाशी ठेवायचं म्हणजे जेवण आणि वरचं दूध साधारण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नेमकी वेळ वॉर्डात सांगतील ती. आणि दया येऊन मामानं दिलेलं एक बिस्किट अख्खं ऑपरेशन पुढे ढकलतं, हे मामाला आधी सांगा. घरी आल्यावर छातीचं हाड जुळायला सुमारे सहा आठवडे लागतात, तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली. अंथरूण ओलं होईल, रात्री दचकून उठेल, आईचा पदर सोडणार नाही. काही आठवडे चालतं ते. त्यावरून रागावू नका.

सोनूचं ऑपरेशन झालं, तो नीट आहे. अडचण वेगळीकडेच निघाली. आठ वर्षांची बहीण मागे आजीजवळ होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. शाळेत ती जेवेना, तेव्हा बाईंनी जवळ घेऊन विचारलं. तिचं म्हणणं, बैलावरून भांडण झालं तेव्हा मी त्याला ढकललं, त्याच्यानं छिद्र पडलं. बाईंचा आईला फोन गेला, आईनं मला विचारून वॉर्डातूनच तिच्याशी बोलणं केलं: तो पोटात होता तेव्हापासूनच ते छिद्र होतं, तुह्यानं नाही पडलं. हे तिला तीनदा सांगावं लागलं. तारीख मिळाली की घरातल्या सगळ्याच लेकरांना एकत्र बसवून, सारख्याच शब्दांत सांगावं. आणि निघण्याआधी तेच शब्द आजीलाही सांगून ठेवावेत, कारण मागे राहिलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं तिलाच द्यायची असतात.