तीन महिने ओट्यावर पडलेला डबा

'मावशी, मी गिरगावच्या चाळीत वाढले. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे हेलसिंकीला आले. इथे सगळं छान आहे, म्हणूनच तक्रारीची चोरी. डिसेंबरात दुपारी सव्वातीनला अंधार पडतो आणि मी खिडकीत बसून रडते. आईला सांगितलं तर ती म्हणते, "लोक अशा आयुष्यासाठी तरसतात, देवाचे आभार मान." बहिणीच्या सांगण्यावरून रोज पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहायला लागले. अकराव्या दिवशी वही बंद केली. सप्टेंबरात शेजारच्या आजींनी आमच्या दाराला पिशवी अडकवली होती, आत डबाभर लिंगनबेरी. ओळख फक्त लिफ्टमधली. बेरी भलत्याच आंबट, निम्म्या फुकट गेल्या. डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय, पण परत द्यायला पाय उचलत नाही. मी कृतघ्न आहे का?'
– गिरगावची लेक

बाळा,

कृतघ्न माणसाने त्या डब्यात एव्हाना तूरडाळ भरली असती. तू तो तीन महिने डोळ्यांसमोर ठेवलायस आणि रोज त्याच्याकडे बघून ओशाळतेस. तुला जाणीव आहे. ती कुणाकडे पोचती करायची, तेवढं अडलंय.

आधी रडण्याचं बोलते. चाळीत दार उघडं टाकून वाढलेली मुलगी बंद दारांच्या मजल्यावर जाऊन राहिली, वर दुपारीच रात्र. रडू येणारच. त्याची लाज नको. फक्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, तर हे दिवस असेच जातील म्हणून अंगावर काढू नकोस. तिथल्या डॉक्टरांना भेट आणि ड जीवनसत्त्वाचंही विचार. अंधाराचा त्रास तिथे जन्मलेल्यांनाही होतो, त्यामुळे तुझं बोलणं त्यांना नवीन वाटणार नाही.

वही बंद केलीस त्याचं मला वाईट वाटलं नाही. नळाला चांगलं पाणी, वेळेवर ट्राम, ऊबदार घर – हे सगळं खरंच आहे, पण त्या यादीत माणूस कुठे होता? आभार कुणाचे तरी मानायचे असतात. ट्रामचे किती दिवस मानणार? आणि आपण वाढलो त्या घरांत 'धन्यवाद' म्हणायची पद्धत नव्हतीच. शेजारून वाटीभर आमटी आली की वाटी रिकामी परत जायची नाही. काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर तरी. तुझ्या चाळीतही हेच पाहिलं असशील.

माझंच सांगते. १९७६ साली लग्न होऊन मी संगमेश्वरकडच्या खेड्यातून परळच्या चाळीत आले. तेव्हा मला मुंबई म्हणजे परदेशच होता. नळाला पाणी पहाटे चारला यायचं, ते मोजून पाऊण तास. समोरच्या खोलीतल्या बाई हंडा घेऊन जाताना आमच्या दारावर दोन टिचक्या मारायच्या. 'पाणी आलंय गं.' बाकी बोलणं नाही. मी उठायचे, भरायचे, विसरून जायचे; रात्री मात्र इथे आपलं कुणी नाही म्हणून उशीत तोंड खुपसून रडायचे. एका पहाटे टिचक्या आल्याच नाहीत. मला जाग आली तेव्हा नळ सूं सूं करत होता. बाई तापाने फणफणलेल्या होत्या. दुपारी पेज करून घेऊन गेले आणि पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्याच्या आत बसले. त्यांना पेज खारट लागली. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सासरी आल्यापासून माझ्याशी कुणी इतकं घरच्यासारखं बोललं नव्हतं.

आता तुझ्या आजींकडे बघ. लिंगनबेरी रानात जमिनीलगतच्या बुटक्या झुडपांवर येते, वाटाण्याएवढी. फिनलंडमध्ये रानातली बेरी कुणीही वेचावी, जमीन कुणाची का असेना, असा रिवाजच आहे. पण वेचायला वाकावं लागतंच. मी करवंदं काढलेली आहेत. काटे, बोटांना चिकटणारा चीक आणि संध्याकाळी न सरळ होणारी पाठ मला ठाऊक आहे. त्या वयाच्या बाईने डबा भरेपर्यंत किती वेळा वाकायचं? आणि मग बेलही न वाजवता पिशवी अडकवून जायचं. तू त्याला तुटकपणा समजू नकोस. कदाचित त्याही तुझ्यासारख्याच दाराआड अवघडून उभ्या असतील.

डबा परत कर, ह्याच आठवड्यात. तीन महिने झाले हे काही कारण नाही. आमच्याकडे गणपतीत गेलेले डबे होळीला परत आलेत. शिरा कर. रवा तिथे सहज मिळतो. तिथले लोक त्याच लिंगनबेरीत रवा शिजवून, गार करून, फेटून गुलाबी लापशी करतात, तेव्हा रवा आजींच्या ओळखीचाच. काजू-बदाम मात्र विचारल्याशिवाय घालू नकोस, कुणाला सोसत नाहीत. बेरी खूप आंबट लागल्या हेही सांग. त्यांचं काय करतात ते त्यांनाच विचार. शिकवायला कुणाला आवडत नाही?

आणि आईचं. तिला वाईट म्हणू नकोस, लेक लांब सुखात आहे एवढ्या एका गोष्टीवर तिची रात्र जाते. आत्ता तुमची घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे आहेत. म्हणजे तुझ्याकडे सव्वातीनला अंधारतं, तेव्हा गिरगावात पावणेसात, दिवेलागण झालेली. दोघींकडे एकाच वेळी अंधार असतो गं. तेव्हा फोन लाव. 'मी सुखी आहे का' ह्यावर वाद घालू नकोस. शिऱ्याला एक वाटी रव्याला तूप किती आणि दूध कधी, ते विचार. मध्येच रडू आलं तर येऊ दे, ती काय फोन ठेवणार आहे?

शिरा गरम असतानाच ने. दाराला पिशवी अडकवून परत फिरू नकोस, बेल वाजव.

तुझी,
मावशी