पार्कचं वेड आणि वहीतली आकडेमोड

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. बँकेत नोकरी, एकुलता एक मुलगा बारावी सायन्सला, जेईईचा क्लास लावलेला. सराव परीक्षेत तो 300 पैकी 110 च्या वर जात नाही. दहावीच्या सुट्टीत इमॅजिका थीम पार्कला जाऊन आल्यापासून त्याने एक वही सुरू केली आहे, रात्री कॉम्प्युटरवर थीम पार्क उभारण्याचा गेम खेळतो आणि 'मला हेच करायचंय' म्हणतो. वडिलांनी गेम काढून टाकला, वही कपाटात कुलपात ठेवली आणि तिच्या चार पानांचे फोटो मला पाठवले. सोबत मुलाने कुठून तरी आणलेलं 'थीम पार्क डिझाइन डिप्लोमा'चं माहितीपत्रक. त्यांचा पुतण्या अशाच एका पार्कात कामाला होता, लॉकडाऊन लागला आणि दोन महिन्यांत घरी बसला. 'या धंद्याचं काय होतं ते करोनात दिसलंच. हे खूळ डोक्यातून कसं काढायचं ते सांगा, तुमचं तो ऐकेल,' असं ते लिहितात. पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात आईच्या दोन ओळी आहेत: 'महिना झाला, जेवायच्या वेळी ताट घेऊन खोलीत जातो. विचारलं तर काही नाही म्हणतो.'

नमस्कार.

110 गुणांचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. त्या ताटाचं मात्र घेतलं. तुमची दोन पानं गुण, क्लासची फी आणि मित्रांच्या मुलांचे पर्सेंटाइल यांत गेली आहेत. घरात नेमकं काय चाललंय ते आईंनी दोन ओळींत सांगितलं. तुम्ही लिहिता की 'जेईई झाली की वही परत मिळेल असं त्याला स्पष्ट सांगितलंय.' म्हणजे ती वही तुम्ही तारण ठेवली आहे. तुम्ही बँकेतले आहात, तारण कशापोटी ठेवतात ते मी सांगायला नको. या पोराने तुमच्याकडून असं कोणतं कर्ज उचललं होतं? ती वही त्याने लपवलीही नव्हती. तुम्हीच लिहिता, दप्तर उघडलं तर वरच होती. जो मुलगा अशी वस्तू वर ठेवतो, त्याला कुणीतरी ती बघावी असं वाटत असतं. आपण बघितली, आणि कुलूप लावलं. आता तो बोलत नाही म्हणून त्यालाच दोष देऊ नका.

आणि माझ्याकडून 'तुमचं तो ऐकेल' ही अपेक्षा ठेवू नका. तुमचा निर्णय माझ्या तोंडून वदवून घ्यायचा असेल, तर ते काम मी करत नाही.

खरं सांगा, ती चार पानं तुम्ही वाचलीत का? फोटो काढलेत, पण वाचली नसावीत. मला वाटलं होतं उंच उंच रोलर कोस्टरची चित्रं असतील. एक आहे, तेही यथातथाच. बाकी तीन पानांवर तक्ते आहेत. गाडी सुटल्याची वेळ, किती जागा रिकाम्या गेल्या, उशीर का झाला. '3:42, चष्मा काढून ठेवायला वेळ.' '3:44, मुलगा उंचीत बसला नाही, आई-वडीलही उतरले, तीन जागा रिकाम्या.' '3:47, तिघांचा ग्रुप, चौथी जागा रिकामी.' आणि खाली पेन्सिलीने: 'एकट्या माणसांची वेगळी रांग केली तर?' सोबतचे मित्र मजा करत असताना हा पोरगा घड्याळ लावून उभा होता. परदेशातल्या मोठ्या पार्कांमध्ये अशी 'सिंगल रायडर' रांग खरोखरच असते, तीही नेमक्या याच कारणासाठी.

इथे एक गैरसमज आहे, तो तुमचाही आहे आणि बहुधा त्याचाही. थीम पार्कची योजना म्हणजे कुणीतरी कल्पक माणूस ड्रॅगन आणि किल्ले काढतो, असं लोकांना वाटतं. तशी माणसं असतात, पण त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर हिशेब करणारी माणसं बसलेली असतात. नवी राइड कुठे बसवायची याचं उत्तर पुष्कळदा 'गर्दी कुठून हटवायची आहे' यात असतं. समजा गाडीत 24 जागा आहेत आणि दर दीड मिनिटाला गाडी सुटते. तासाला 40 फेऱ्या, 960 माणसं. रांगेत 480 जण उभे असतील तर शेवटच्याचा नंबर अर्ध्या तासात. आता करोनात पार्क पुन्हा उघडले तेव्हाची परिस्थिती घ्या. एकाआड एक ओळ रिकामी ठेवायची, म्हणजे गाडीत 12 जण. पट्टे आणि दांडे पुसायला दर फेरीला अर्धा मिनिट जास्त, म्हणजे तासाला 30 फेऱ्या. 960 चे झाले 360. त्याच 480 जणांतल्या शेवटच्याला आता एक तास वीस मिनिटं उभं राहायचं, तेही सहा-सहा फुटांवर, म्हणजे रांग कठड्यांतून बाहेर पडून थेट पुढच्या राइडच्या दारात. पार्क पुन्हा उघडणं म्हणजे फाटकाचं कुलूप काढणं नव्हे, ही सगळी गणितं नव्याने मांडणं होतं. तुमच्या मुलाच्या तक्त्यात हेच रकाने आहेत.

शांघायचं डिस्नीलँड 11 मे 2020 ला उघडलं तेव्हा सरकारी मर्यादा होती दिवसाला 24 हजार माणसांची, एरवीच्या 80 हजारांच्या जागी. आणि डिस्नीने सुरुवात त्याहूनही कमी माणसांवर केली. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डने जुलैमध्ये दारं उघडली ती तारखेचं आगाऊ बुकिंग घेऊन, आणि मिरवणुका व आतषबाजी बंद ठेवून, कारण माणसं तिथेच दाटीने थांबतात. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड तर तेरा महिन्यांहून जास्त बंद होतं. 30 एप्रिल 2021 ला उघडलं, तेही आधी फक्त त्या राज्यातल्या लोकांसाठी. जपानमध्ये पार्कांच्या संघटनांनी कोस्टरवर ओरडू नका असा नियमच काढला. फुजी-क्यू हायलँड या पार्कच्या दोन अधिकाऱ्यांनी कोट-टाय आणि मास्क लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता कोस्टरमध्ये बसून व्हिडिओ केला: मनातल्या मनात ओरडा. हा व्हिडिओ मुलाबरोबर बसून बघा. त्यावर बोलायला तरी तोंड उघडेल.

आपल्या महाराष्ट्रातही 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पार्क उघडायची परवानगी आली ती आधी कोरड्या राइडना, पाण्याच्या खेळांना नाही.

आता तुमच्या पुतण्याचं. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डिस्नीने सप्टेंबर 2020 मध्ये 28 हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. पण त्यातले सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ कामगार होते. पहिला घाव फाटकावर, हॉटेलात, खाण्याच्या स्टॉलवर उभं राहणाऱ्यांवर पडला. तुमच्या पुतण्यावरही तसाच पडला असणार, आणि ते वाईटच झालं. नव्या प्रकल्पांवर काम करणारेही सुटले नाहीत, पण तिथली कामं थांबली आणि पुन्हा सुरू झाली. ओरलँडोत युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क 2019 मध्ये जाहीर केलं, 2020 मध्ये काम थांबवलं, मार्च 2021 मध्ये पुन्हा हाती घेतलं आणि 22 मे 2025 ला उघडलं. ओसाकाच्या युनिव्हर्सल पार्कमधला सुपर निन्टेंडो वर्ल्ड हा नवा विभाग टोकियो ऑलिंपिकच्या आधी, 2020 च्या उन्हाळ्यात उघडायचा होता. उघडला 18 मार्च 2021 ला. इतक्या लांबच्या मुदतीचा धंदा एका साथीवरून निकालात काढता येत नाही. मात्र मुलालाही हे कळू द्या की यातलं पुष्कळ काम प्रकल्पापुरतं असतं. पार्क उघडलं की करार संपतो, पुढचं काम दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात.

भारतात तर अशा पार्कांची संख्याच मोजकी. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 पासून चाललं आणि 2022 मध्ये बंद झालं. त्याच वर्षी इमॅजिका कर्जातून निघून तुमच्या शेजारच्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. वंडरला या पार्क चालवणाऱ्या कंपनीने 2024 मध्ये भुवनेश्वरला नवं पार्क काढलं. म्हणजे एक दार बंद, एक उघडं. फक्त याच दारावर आयुष्य टांगून ठेवावं, असं मी कुठल्याही सतरा वर्षांच्या मुलाला सांगणार नाही.

आणि टांगायची गरजही नाही, कारण त्याचा कल पाळण्यांकडे आहे असं मला वाटत नाही. त्याचा कल रांगांकडे आहे. माणसं कुठे तुंबतात, का तुंबतात, ती कशी वाहती ठेवायची, हे त्याला आपोआप दिसतं. या विषयाला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात, आणि तो विमानतळाला लागतो, इस्पितळाच्या ओपीडीला लागतो, मेट्रोला लागतो. नाशिककराला मी वेगळं काय सांगू? 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. 2027 ला पुन्हा शाहीस्नानं आहेत. ती गर्दी हाताळायला नुसते बांबूचे कठडे आणि शिट्ट्या पुरत नाहीत, असाच तक्ता मांडणारं कुणीतरी लागतं.

वाटा तुम्हाला ठाऊक आहेत: जेईईतून आयआयटी खरगपूरला इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स, सीईटीतून मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन, नाहीतर सरळ बीएस्सी स्टॅटिस्टिक्स आणि पुढे पदव्युत्तर. स्टॅटिस्टिक्सला नाक मुरडू नका. 110 गुणांच्या मुलासाठी मला तीच वाट जास्त प्रामाणिक वाटते. यूसीड आणि एनआयडीच्या डिझाइनच्या परीक्षा त्याला द्यायच्याच असतील तर देऊ द्या, पण त्याचं ते एकुलतं एक चित्र बघून मी आग्रह धरणार नाही.

ते माहितीपत्रक मात्र रद्दीत घाला. एका वर्षात सहा लाख घेऊन 'इमॅजिनिअर', म्हणजे डिस्नीच्या भाषेत पार्क घडवणारा, बनवणाऱ्या त्या पानांवर शिकवणाऱ्यांची नावंसुद्धा नाहीत. थीम पार्कचं खरं शिक्षण परदेशात आहे, अमेरिकेत सव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये किंवा कार्नेगी मेलनमध्ये. तिथलं पदव्युत्तर शिक्षण पदवीनंतर, हातात स्वतःचं काम असताना, आणि खिसा बघून. आज त्याचा विचारही नको.

वही आज संध्याकाळीच परत द्या. 'अभ्यास झाल्यावर बघ' हे शेपूट जोडू नका. 'तुझी वही मी न विचारता घेतली' एवढं म्हणा आणि 3:47 ला चौथी जागा रिकामी का गेली ते त्याला विचारा. गेमचं काय करायचं, किती वेळ खेळायचा, हे त्यानंतर दोघांनी ठरवा. परीक्षा तोंडावर आहे, रात्री दोनपर्यंत खेळणं मलाही मान्य नाही.

पुढचं पत्र त्याने लिहायचं आहे, तुम्ही नाही. त्याला सांगा, एखाद्या साध्या दिवशी त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभा राहा, श्रावणी सोमवार नको. दर दहा मिनिटांनी किती माणसं आत गेली ते लिही, रांग कुठे अडते ते लिही, आणि एकच बदल करायची मुभा असेल तर कोणता करशील ते मला कळव. उत्तर मी त्यालाच पाठवीन. तुम्हाला त्याची प्रत येणार नाही.