‘छ ५ जिल्काद, इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न असा आहे : पुण्याच्या पुराभिलेखागारातून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पेशवे दप्तरातून, घराण्याच्या इनामाच्या एका कागदाची नक्कल मिळाली. मोडीवरून बाळबोध, म्हणजे देवनागरी, करून घेतली, तर वर ‘सुरू सन इसन्ने सितैन मया व अलफ’ आणि शेवटी ‘जाणिजे छ ५ जिल्काद’ असे आहे. इसन्ने, अलफ ही माणसांची नावे आहेत का? ‘छ’ म्हणजे छत्रपती का? आणि इंग्रजी तारीख कोणती?

नावे नाहीत, आकडे आहेत. अरबी आकडे मराठी तोंडात रुळले की असे होतात : इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दहाला अशर, मग अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. मधला ‘व’ म्हणजे ‘आणि’. आधी एकं, मग दहं, हा क्रम मराठी कानाला परका नाहीच. आपण ‘बासष्ट’ म्हणतो तेव्हाही दोन आधी आणि साठ मागून येतात. तेव्हा इसन्ने सितैन बासष्ट, मया शंभर, अलफ हजार : सन ११६२.

हे ११६२ इसवी सनाचे नाहीत हे उघडच आहे, पण हिजरीचेही नाहीत, आणि घसरायला होते ते इथेच. हिजरी ११६२ धरले तर कागद १७४९ च्या आसपास जातो, म्हणजे बारा-तेरा वर्षांची चूक. हा सुहूर सन. कागदोपत्री तो ‘सुरू सन’ होतो, काही जण अरबी सन म्हणतात, आणि वर्ष सूर्य मृगात शिरला की बदलते म्हणून मृगसाल. ‘सुरू’चा सुरू होण्याशी संबंध नाही. महिना या अर्थाच्या अरबी ‘शहर’ शब्दाचे अनेकवचन ‘शुहूर’, त्याचे हे घासलेले रूप आहे. हिजरी वर्ष चांद्र, ३५४-३५५ दिवसांचे. सुहूर वर्ष सौर. दोन्हींचे आकडे १३४४ च्या सुमारास, सन ७४५ ला, जुळतात. पुढे चांद्र वर्ष दरसाल सुमारे ११ दिवसांनी पुढे पळते, म्हणून अंतर वाढत जाते. नांगर मृगावर चालतो, मग वसुलीचे सालही मृगाचेच हवे, इतकी साधी गरज या सनामागे आहे.

इसवी सन काढायचा तर मृगापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६२ हे १७६१ चा मृग ते १७६२ चा मृग. आज मृग ७-८ जूनला लागतो. १७६१ मध्ये तो ३-४ जूनला लागत होता. शिवकालीन तारखा जुन्या इंग्रजी पद्धतीने देतात, तिथे तो २४ मेच्या आसपास दिसतो. मृग काही इतका सरकलेला नाही. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग सुधारताना ११ दिवस गाळले, त्याचा तो फरक आहे.

आता ‘छ’. छत्रपतींशी त्याचा संबंध नाही. ‘छ’ ही चंद्राची खूण : चंद्राची पाचवी तारीख, महिना जिल्काद. त्यामुळे ‘छ’ दिसला की पुढे मुसलमानी महिनाच येणार. महिना चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून छ १ साधारण शुद्ध द्वितीयेला पडतो. ‘छ’च्या आकड्यात एक मिळवला की तिथी येते, एखादा दिवस मागेपुढे. छ ५ म्हणजे शुद्ध षष्ठीच्या आसपास, छ २० म्हणजे वद्य षष्ठीच्या. कागदात तिथी आणि ‘छ’ दोन्ही असून तीन-चार दिवसांचा फरक पडत असेल, तर दोन्हींपैकी एक आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

तुमच्या कागदाचा खरा पेच पुढेच आहे. सौर वर्ष ३६५ दिवसांचे आणि बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे, म्हणून एका सुहूर सालात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा सालाच्या तोंडाशी आणि एकदा शेवटी. सन ११६२ मध्ये नेमक्या जिल्कादच्या पहिल्या दहा तारखा अशा आहेत. छ ५ जिल्काद एकदा ८ जून १७६१, सोमवारी पडते आणि पुन्हा २८ मे १७६२, शुक्रवारी. नुसते ५९९ मिळवून मोकळे होणारा इथे वर्षभराने चुकू शकतो. तिथीही सोडवायला येत नाही, कारण दोन्ही वेळा ज्येष्ठ शुद्ध षष्ठीच्याच आसपास आहे.

मग काय पाहायचे? वार दिला असेल तर इंदुवासर म्हणजे सोमवार, भृगुवासर म्हणजे शुक्रवार. चंद्रदर्शनामुळे वार एखाद्या दिवसाने हलतो, पण सोमवारचा शुक्रवार होत नाही. शक असेल तर १६८३, वृष संवत्सर, हा पहिला दिवस. १६८४, चित्रभानू, हा दुसरा. राज्याभिषेक शक, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेला, असेल तर तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो आणि दोन्ही तारखा त्याच्या आधीच्या आहेत, म्हणून अनुक्रमे ८७ आणि ८८. यातले काहीच नसेल तर शिक्का पाहा. नानासाहेब, म्हणजे बाळाजी बाजीराव पेशवे, २३ जून १७६१ ला पर्वतीवर वारले आणि जुलैत माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. शिक्क्यात बाळाजी बाजीराव असेल तर १७६१, माधवराव असेल तर १७६२. इनामाच्या कागदाला हा बारकावा लागतोच, कारण दान कोणत्या पेशव्याच्या कारकिर्दीतले हेच त्यावरून ठरते.

मूळ मोडी प्रतीवर पुन्हा एक नजर टाकाच. ‘सितैन’ आणि ‘तिसैन’ यांत अक्षरे तीच, फक्त स-त ची अदलाबदल, आणि तेवढ्याने साठाचे नव्वद होतात, कागद तीस वर्षे पुढे जातो. सबा-सबैन, समान-समानीन, अशर-अशरीन या जोड्यांत शेवटचा ‘न’ ओळीच्या टोकाला पुसला की सत्तराचे सात होतात. मोडीत ब आणि व सहज एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ‘सबैन’चे ‘सवैन’ वाचलेले आढळले तर गोंधळू नका. पुष्कळ कागदांत ‘मया व अलफ’ लिहितच नाहीत, नुसते ‘सन इसन्ने सितैन’. तिथे शतक शिक्क्यावरून आणि माणसांच्या नावांवरून ठरवावे लागते. लिहिलेले असले तर सोपे : नुसते ‘अलफ’ असेल तर १५९९ ते १६९९, ‘मया व अलफ’ असेल तर १७९९ च्या मृगापर्यंत, पुढे ‘मयातैन व अलफ’.

सोबतच्या हिशेबी कागदात ‘फसली ११७१’ आढळले तर ते वेगळे साल समजू नका. दख्खनचा फसली, म्हणजे महसुली, सन सुहूरपेक्षा ९ ने जास्त आहे आणि तोही मृगालाच बदलतो. ११७१ उणे ९, तेच ११६२.

आणि कागदाच्या पाठीवर, वेगळ्या हातच्या अक्षरात ‘पैवस्ती छ...’ अशी ओळ असेल, तर ती कागद पोचल्याची तारीख आहे, लिहिल्याची नव्हे. नक्कल मागवताना फक्त पुढची बाजू दिली जाते असे बऱ्याचदा होते. रुमालाचा (कागदांच्या गठ्ठ्याचा) आणि कागदाचा क्रमांक देऊन पाठीचीही नक्कल मागा. पैवस्तीच्या ओळीत सन दिलेला असला, तर १७६१ की १७६२ हा निकाल कदाचित तिथेच लागेल.