जुन्या भांड्यांच्या धंद्यासाठी एफडी मोडावी का?

ताई, तुम्ही सोलापुरातल्या मोडवाल्यांकडून तांब्या-पितळेची भांडी आणि बोहारणींकडून जुन्या इरकली साड्या निवडून आणता, घासूनपुसून इन्स्टाग्रामवर विकता. माल बऱ्यापैकी खपतोय, म्हणून आता एक लाखाची एफडी मोडून माल भरायचा आणि नवी पेठेत गाळा बघायचा, असं चाललंय.

धंदा जरूर करा. एफडीला मात्र हात लावू नका.

तुम्हीच कळवलेला हिशेब घेऊ. पितळी डबा 700 ला घेतला, 1500 ला गेला, म्हणून तुम्ही नफा 800 लिहिलाय. पण त्यातून पॉलिशचे 120, खोका-बबलरॅपचे 60 आणि पुण्याच्या कुरिअरचे 220 गेले की उरतात 400. रिक्षा आणि तुमचा वेळ अजून धरलाच नाही. शिवाय कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. दोन किलोची घागर 30 बाय 30 बाय 40 च्या खोक्यात घातली की कागदावर सात किलोंच्या वर जाते. भाव सांगण्याआधी खोका मोजत जा.

भांडी आणि साड्या एका पारड्यात तोलू नका. मोडीच्या भावाच्या आसपास घेतलेलं पितळ पडून राहिलं, तरी पुन्हा मोडीत घालून बरेचसे पैसे सुटतात. इरकल घडीवर विरली की संपलं. म्हणून साड्या मोजक्याच, आणि काठ-पदर उजेडात उलगडून बघूनच घ्या.

आता थोडं कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, समई यांसारखी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. ‘आजीच्या आजीची’ असं कौतुकाने लिहून विकू नका! देवळातली घंटा तर घेऊच नका, चोरीची निघाली तर निस्तरता येणार नाही. मोडवाल्याकडून चिठ्ठी घेत चला. जीएसटी नोंदणीची वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची मर्यादा तुमच्यापासून लांब आहे, पण हैदराबादच्या नातेवाइकांमार्फत तिकडे माल पाठवायचं म्हणताय, तर परराज्यात असा माल विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. सध्या महाराष्ट्रातच विका.

भांडवल 10,000 ठेवा. वेगळं बचत खातं उघडा, विक्रीचे पैसे त्यातच येऊ द्या आणि नवा माल त्यातूनच घ्या. तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेली वस्तू घेतल्या भावाला काढून टाका. दिवाळीपर्यंत, सगळा खर्च वजा जाता, महिन्याला चार-पाच हजार सुटायला लागले तर मला पुन्हा लिहा, तेव्हा एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्यायचा का ते बघू.

गाळ्याचं आत्ता काढूच नका. तुमचं गिऱ्हाईक फोनवर आहे, नवी पेठेतलं भाडं कशाला भरायचं?