करडा खलनायक की प्रतिनायक?

प्रश्न असा आहे: व्हिडिओ गेममधल्या 'मॉरली ग्रे व्हिलन'ला, म्हणजे धड चांगला नाही आणि धड वाईटही नाही अशा विरोधकाला, मराठीत 'करडा खलनायक' म्हटलं तर चालेल का?

मला ते खटकतं. 'करडा' हा रंग खरा, पण माणसाला लावला की मराठी कानाला वेगळंच ऐकू येतं. करडी नजर, करडा आवाज, करडी शिस्त. 'करडे मास्तर' म्हटलं की छडी घेतलेले मास्तर डोळ्यांपुढे येतात, बऱ्यावाईटाच्या मधोमध सापडलेले नव्हेत. सिनेमाबद्दल लिहिताना 'करड्या छटेची भूमिका' म्हणतात, ते चालतं, कारण तिथे 'छटा' हा शब्द रंगाचा अर्थ धरून ठेवतो. 'राखाडी'ला माणसाच्या वागण्याशी जोडायची सवयच आपल्याला नाही.

खरी अडचण 'खलनायक'मध्ये आहे. खल म्हणजे दुष्ट. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच निकाल लागला! 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) मधली ॲबी घ्या. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथून थेट पुढच्या परिच्छेदावर जावं.) ती सुरुवातीलाच पहिल्या भागाच्या नायकाला, जोएलला, गोल्फच्या काठीनं ठार मारते आणि आपण तिच्या रक्ताला तहानतो. जोएलनं मुलीसारखी जपलेली एली होऊन आपण सिॲटलमध्ये तीन दिवस तिचा माग काढतो. मग गेम तेच तीन दिवस ॲबीच्या बाजूनं खेळायला लावतो. तिचा बाप सर्जन होता, आणि २०१३च्या पहिल्या भागात एलीला वाचवताना त्याला जोएलनं मारलेलं असतं. म्हणजे कंट्रोलर हातात धरून आपणच. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. नंतर नाट्यगृहातल्या मारामारीत आपण ॲबी असतो आणि समोर एली. चौकोनाचं बटण दाबायला अंगठा तयार होत नाही. त्या क्षणी खल कोण?

म्हणून मी 'प्रतिनायक' सुचवेन. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात, म्हणजे दहाव्या शतकात, हा शब्द आहे. तिथली व्याख्या मात्र आपल्या सोयीची नाही: 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद्व्यसनी रिपुः'. लोभी, उद्धट, ताठर, पापी, व्यसनी असा शत्रू. तरीही मराठीत आज 'प्रति' एवढंच सांगतो की हा समोर उभा आहे. प्रतिस्पर्धी, प्रतिपक्ष, प्रतिवादी. कोर्टातला प्रतिवादी दोषीच असतो असं कुणी धरत नाही. निकाल लांबणीवर टाकण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते. 'ॲबी खलनायिका नाही, प्रतिनायिका आहे' असं म्हटलं की करडा रंग मुद्दाम फासावा लागत नाही.

'खलनायक' टाकून द्यायचं मात्र कारण नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन टू' (२०१८) या गेममधल्या, टोळीशी दगा करणाऱ्या मायका बेलला तो शब्द चपखल बसतो. टोळीचा म्होरक्या डच व्हॅन डर लिंडला तो लावताना माझा हात अडखळतो. गेमचा नायक आर्थर याला पोरवयात टोळीत घेऊन त्यानंच वाढवलेलं असतं, आणि शेवटी मरायला सोडून जाणाराही तोच. पण पुढे १९०७ साली, बर्फाच्या डोंगरावर, मायकाला गोळी घालतो तोही डचच, आणि टोळीच्या पैशांकडे न बघता निघून जातो.