प्रवेश नक्की कोणाला घ्यायचाय?

प्रश्न: मी कोथरूडला राहतो, भोसरीतल्या कंपनीत आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मुलगी बी.कॉम. झाली असून दीड वर्षापासून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे. यंदा आमच्या आग्रहाखातर तिने एमबीएची सीईटी दिली, ८८ पर्सेंटाइल मिळाले. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत: विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात एमबीए, हिंजवडीजवळच्या एका खासगी संस्थेत पीजीडीएम म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंट (शुक्रवारपर्यंत ५० हजार भरून सीट बुक करा म्हणतात), नाहीतर जर्मनीत मास्टर्स इन मॅनेजमेंट. पीजीडीएम म्हणजे शेवटी डिप्लोमाच, म्हणून मन घेत नाही. मुलगी म्हणते, अजून एक-दोन वर्षं नोकरी करते. पण दिवसभर ट्रकवाल्यांशी फोनवर बोलण्यात काय भविष्य आहे? लग्नाचंही बघायचं आहे, त्याआधी मास्टर्स उरकलेलं बरं. वार्षिक उत्पन्न साडेसात लाख. तुलनेचा तक्ता सोबत जोडला आहे. कोणता कोर्स घ्यावा?
एक पालक, पुणे

उत्तर: तक्ता पाहिला. मेहनत घेतली आहे तुम्ही. फी, हायेस्ट पॅकेज, घरापासूनचं अंतर, होस्टेल, आणि शेवटचा रकाना ‘बायोडेटा’. त्यात एमबीएपुढे बरोबरची एक खूण, पीजीडीएमपुढे प्रश्नचिन्ह आणि जर्मनीपुढे बरोबरच्या दोन खुणा.

स्पष्टच लिहितो. स्थळं चांगली यावीत म्हणून शिकवायचं असेल, तर कोर्स कोणता हे मला विचारू नका, वधू-वर सूचक मंडळात विचारा. त्यांना बाजारभाव माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. हे बोचेल, पण तुमचं अर्धं पत्र त्याच दिशेने चाललेलं आहे. निवृत्तीआधी सगळं मार्गी लागावं, ही तुमची काळजी मला समजते. मात्र त्यापायी तुमच्या निवृत्तीची तारीख मुलीच्या शिक्षणाची मुदत होऊन बसली आहे. तिचं म्हणणं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि पुढच्याच वाक्यात खोडून काढलंत.

त्या ट्रकवाल्यांबद्दल बोलू. सुट्या भागांच्या कारखान्यात डिस्पॅचला बसलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक कंपनीचं शेड्यूल येतं: अमुक पार्ट, इतके नग, इतक्या वाजता गेटवर. मोठ्या गाडी कंपन्या फारसा साठा ठेवत नाहीत. माल वेळेत पोचला नाही तर तिकडे लाइन थांबते आणि इकडे डेबिट नोट येते, म्हणजे नुकसानीची रक्कम आपल्या बिलातून कापली जाते. म्हणजे ट्रान्सपोर्टर ऐनवेळी गाडी बदलतो, तेव्हा ई-वे बिलातला (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्यातला) गाडी नंबर बदलायचा, प्रॉडक्शनवाल्यांकडून उरलेले नग काढून घ्यायचे, गिऱ्हाइकाच्या स्टोअर्सला फोन करून अर्धा तास मागून घ्यायचा, आणि ड्रायव्हर नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल तर त्याच्याशी न भांडता तो नेमका कुठे आहे हे काढून घ्यायचं. याच कामाला कॉलेजात सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणतात आणि शिकवायला लाखांनी फी घेतात. तुमची मुलगी ते पगार घेऊन शिकते आहे.

शिवाय बरा एमबीए कोर्स चालवणाऱ्या संस्था मुलाखतीत ‘आतापर्यंत काय केलंत’ हेच खोदून विचारतात. हैदराबादच्या आयएसबीसारख्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) ठिकाणी तर मुख्य कोर्सला साधारण दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. तेव्हा ती मागतेय ती दोन वर्षं वाया जाणारी नाहीत. तिला फक्त अभ्यास टाळायचा असेल, असंही असू शकतं. पण ते तिला विचारल्यावर कळेल, तक्त्यावरून नाही.

आता डिप्लोमाचं. हा गैरसमज पुण्यात घरोघरी आहे. आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो. जी संस्था यात बसत नाही, ती कितीही चांगलं शिकवत असली तरी डिप्लोमाच देते. अहमदाबादची आयआयएम १९६१ ची, पण २०१७ चा आयआयएम कायदा होईपर्यंत तीही डिप्लोमाच देत होती. म्हणजे देशातल्या कितीतरी बड्या कंपन्यांचे प्रमुख तुमच्या रकान्यात प्रश्नचिन्हाचे धनी ठरतील. जमशेदपूरची एक्सएलआरआय पीजीडीएमच देते. आपल्या कोंढव्यातली, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९६९ मध्ये उभी राहिलेली एनआयबीएम ही बँक व्यवस्थापनाची संस्थाही पीजीडीएमच देते. याचा अर्थ कुठलाही पीजीडीएम चांगला असा मुळीच नाही. त्या कोर्सला एआयसीटीईची, म्हणजे अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची, यंदाची मान्यता आहे का ते पाहा. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता, म्हणजे हा डिप्लोमा एमबीएच्या बरोबरीचा धरला जातो का, तेही तपासा. आणि हायेस्ट पॅकेजचा रकाना पुसून टाका, तो एका मुलाचा पगार असतो. किती मुलं प्लेसमेंटला बसली, किती जणांना नोकरी लागली आणि पगारांच्या उतरत्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या.

तुमच्या तक्त्यात संलग्न कॉलेजची फी पूर्ण धरली आहे. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. साडेसात लाखांत तुम्ही त्या मर्यादेत आहात. तुमचा गट पत्रात नाही, तेवढा पाहा आणि दाखला आधी काढून ठेवा. मॅनेजमेंट कोट्याला, खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. मात्र फी माफ होते म्हणून हव्या त्या कॉलेजात जागा मिळते असं नाही. खुल्या गटात ८८ पर्सेंटाइलला मुंबईचं जमनालाल बजाज नाही आणि पुणे विद्यापीठाचा स्वतःचा एमबीए विभाग, पुम्बाही नाही.

जर्मनीबद्दल थोडक्यात: तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कमी असली तरी खात्यात राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते, आणि नोकरी हवी तर जर्मन यायला हवं. तिने अजून मॅक्समुल्लर भवनची पायरी चढली नसेल, तर यंदा हा विषय काढूच नका.

पुढच्या वर्षासाठी प्रवेश परीक्षा द्यायच्या असतील तर नोव्हेंबरअखेर कॅट, डिसेंबरात सिम्बायोसिसची स्नॅप आणि मग पुन्हा सीईटी. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास पुरतात. एक तपासायला सांगा: ऑपरेशन्सचे काही नावाजलेले कोर्स फक्त इंजिनिअरांनाच घेतात, बी.कॉम.ना नाही.

तेव्हा माझं उत्तर, यंदा तिन्हीपैकी काहीच नको. तिला नोकरी करू द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचून न तपासता. चाकणमध्ये काय आवडतं, कशाचा वैताग येतो आणि पाच वर्षांनी कोणाच्या खुर्चीत बसावंसं वाटतं, एवढं तिने लिहिलं तरी मला कोर्स सुचवता येईल. तिला लग्न कधी करायचंय, हेही तिला लिहावंसं वाटलं तर लिहू दे.

शुक्रवारचे ५० हजार भरू नका. सीट पळून जाईल ही भीती घालणं त्या संस्थेच्या फोनवाल्याचं काम आहे. भरून झाले असतील तर आजच ईमेलने प्रवेश रद्द करा, पावती जोडा. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे कोर्स सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १ हजार रुपये कापून बाकी सगळे परत द्यावे लागतात. मूळ मार्कशीट त्यांना ठेवून घेता येत नाही. ती त्यांच्याकडे असेल तर तीही त्याच ईमेलमध्ये परत मागा.