कॅनडाची क्राउन रॉयल व्हिस्की ब्लेंडेड (मिश्र) असूनही चांगल्या स्कॉचच्या तोडीची आहे का? चव कशी असते, इतिहास काय?

'ब्लेंडेड असूनही' वाचलं आणि राहवलं नाही. आमचे साडू अगदी हेच बोलतात.

मी कॅनडातल्या ओंटारियोत राहतो, इथे पाहुणा आला की हीच बाटली निघते. साडू पुण्याहून आले तेव्हाही मी हीच काढली, तर त्यांनी घोट घ्यायच्या आधीच सगळ्यांसमोर जाहीर केलं की ब्लेंड म्हणजे भेसळ, उरलासुरला माल एकमेकांत ओतून खपवतात. आणि हेच गृहस्थ येताना ड्युटी फ्रीमधून जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल घेऊन आलेले, लेकीच्या लग्नातसुद्धा तीच मिरवलेली! अहो साडूभाऊ, ब्लॅक लेबलपण ब्लेंडच आहे, बाटलीवर स्वच्छ लिहिलंय. तर म्हणे, "ते वेगळं, ते स्कॉटलंडचं." झालं. व्हिस्कीला नाकं मुरडली पण तिची ती जांभळी, सोनेरी नाडीची पिशवी मात्र मागून घेतली, कॅरमच्या सोंगट्या ठेवायला.

भेसळ वगैरे काही नसतं हो. इथे बहुतेक ठिकाणी मका, राय (गव्हासारखं एक धान्य), बार्ली यांची व्हिस्की वेगवेगळी गाळतात, वेगवेगळ्या पिंपांत मुरवतात आणि शेवटी मिसळतात. अमेरिकेत बर्बनला सगळी धान्यं आधीच एकत्र करून आंबवतात. आपण गोडा मसाल्याला धने, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजतो ना, एकदम कढईत टाकलं तर तीळ जळतील आणि धने कच्चे राहतील, तसंच हे. क्राउन रॉयलमध्ये अशा ५० च्या आसपास व्हिस्की असतात असं कंपनी सांगते, त्या जुळवून दरवर्षी तीच चव आणायची हे सिंगल माल्टवाल्यांनी (एकाच डिस्टिलरीची, फक्त बार्लीच्या माल्टची व्हिस्की) जरा करून दाखवावं.

इतिहास थोडक्यात: १९३९ मध्ये राजा सहावा जॉर्ज आणि राणी कॅनडाच्या दौऱ्यावर आले, त्यांच्यासाठी सीग्राम या कॅनेडियन मद्यकंपनीच्या सॅम्युअल ब्रॉन्फमननी ही बनवली, म्हणून तो मुकुट आणि जांभळा रंग. अमेरिकेत ती १९६४ पासून मिळायला लागली. आता ब्रँड डियाजिओ या ब्रिटिश मद्यकंपनीकडे आहे आणि व्हिस्की मुख्यतः मॅनिटोबातल्या गिमलीत बनते. तुमच्या रॉयल स्टॅगवर जे 'सीग्राम्स' छापलेलं असतं ते याच घराण्यातलं, फक्त सीग्रामच्या वाटणीत ते पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे गेलं.

चव म्हणाल तर व्हॅनिला, कॅरॅमल, मऊ गोडवा आणि मागून रायचा हलका तिखटपणा. धूर अजिबात नाही. घशाखाली उतरली की चव फार रेंगाळत नाही, हे मान्य. इथल्या कायद्याने किमान ३ वर्षं लाकडात मुरवावी लागते, पण थोडं फ्लेवरिंग घालायला परवानगी आहे, त्यावर लोक बोटं मोडतात, तेही अगदीच खोटं नाही. आणि ॲपल, पीचवाल्या बाटल्यांवरून मत बनवू नका, ते सरबत आहे.

काही स्कॉचला असतो तसा पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या जळणाचा) धूर आवडत असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. पण घरात कोणी सिंगल माल्टचं फारच कौतुक सांगणारं असेल तर क्राउन रॉयलचीच नॉर्दर्न हार्वेस्ट राय आणा, व्हिस्की समीक्षक जिम मरेंच्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकाच्या २०१६ च्या आवृत्तीने तिला जगात पहिली ठरवली होती. ग्लासात ओतून द्या आणि लेबलवरचं 'ब्लेंडेड' दुसरा पेग मागितल्यावर दाखवा.